लेन्स मोजायची ती बॉडीच्या कड्यापासून: छोट्या प्राइम, नेटिव्ह आणि अडॅप्टरवरच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोनी ए७सी घेतलाय, झूम जड होतो, म्हणून रोज सोबत राहील अशी एक छोटी प्राइम, म्हणजे एकाच फोकल लांबीची लेन्स हवी. घरात काकांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन ऑलिंपस ओएम लेन्स पडून आहेत, ५० मिमी एफ/१.८ आणि २८ मिमी एफ/३.५. दोन्ही तळहातात मावतात. अडॅप्टर घेऊन त्याच वापराव्यात, की नेटिव्ह, म्हणजे याच कॅमेऱ्याच्या माउंटसाठी बनवलेली लेन्स घ्यावी? आणि रेंजफाइंडरच्या (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायच्या कॅमेऱ्याच्या) चिमुकल्या लेन्सचं जे कौतुक ऐकू येतं, त्यात तथ्य किती?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. लहान आकार एवढाच मुद्दा असेल, तर एसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याच्या, जुन्या लेन्स अडॅप्टरवर चढवून काहीच साधत नाही. त्या वापरायला चांगली कारणं आहेत, मी स्वतः वापरतो, पण ‘छोट्या आहेत म्हणून’ हे त्यातलं कारण नाही. रेंजफाइंडरच्या लेन्सबाबत ते कारण अर्धंमुर्धं खरं आहे.

तळहातावर ठेवलेली लेन्स फसवते. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्या मधे आरसा वरखाली व्हायला जागा सोडावी लागायची. माउंटच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं हे अंतर ओएममध्ये ४६ मिमी होतं. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिमी आहे. आरसा गेला, पण जुनी लेन्स अजून त्या आरशाच्या हिशेबानेच प्रतिमा पाडते. त्यामुळे मधले २८ मिमी अडॅप्टरने भरून काढायचे, म्हणजे लेन्सच्या मागे बोटभर लांबीची रिकामी नळी आली. तुमची ५० एफ/१.८ साधारण ३२ मिमी लांब आहे. नळीसकट ती ६० मिमी पुढे येते. लेन्सचं वजन १७० ग्रॅमच्या आसपास, त्यात धातूच्या अडॅप्टरचे शंभरेक ग्रॅम. सोनीची ५० मिमी एफ/२.५ ‘जी’ मालिकेतली लेन्स ४५ मिमी लांब आणि १७४ ग्रॅम आहे, आणि त्यात ऑटोफोकस आहे. जुनीकडे जवळजवळ एक स्टॉप जास्त, म्हणजे जवळपास दुप्पट प्रकाश आहे, हे मात्र मान्य.

याहून बोलकं उदाहरण पेंटॅक्सच्या ४० मिमी एफ/२.८ चं. १९७६ची एम मालिकेतली ही लेन्स अवघी १८ मिमी जाड आणि ११० ग्रॅमची. पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, म्हटलं की जाणत्यांच्या तोंडी हिचं नाव येतंच. पेंटॅक्स के माउंटचं अंतर ४५.४६ मिमी, त्यातून सोनीचे १८ वजा केले की अडॅप्टर साडेसत्तावीस मिमीचा. बेरीज केली तर साडेपंचेचाळीस. सोनीची ४० मिमी एफ/२.५ ‘जी’ किती लांब आहे? ४५ मिमी. वजन १७३ ग्रॅम, म्हणजे पेंटॅक्स अधिक अडॅप्टरपेक्षा कमी. एसएलआरच्या दुनियेतली एक सर्वात चपटी लेन्स, आणि तीही जेमतेम बरोबरी करते. बाकीच्यांचं काय बोलावं!

इतर बॉड्यांवर तर नुसता अडॅप्टरच अख्ख्या नेटिव्ह लेन्सपेक्षा लांब भरतो. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवरून नव्या झेडवर यायला ३०.५ मिमी लागतात. झेडची २६ मिमी एफ/२.८ लेन्स एकूण २३.५ मिमी लांब आहे. ओएमवरून मायक्रो फोर थर्ड्सला पावणेसत्तावीस मिमी. पॅनासॉनिकची २० मिमी एफ/१.७ साडेपंचवीस. ओएमवरून फुजीला २८ मिमीहून थोडं जास्तच. फुजीची २७ मिमी एफ/२.८ फक्त २३. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशातली गत.

तुमच्या २८ मिमीबद्दल वेगळं सांगायला हवं. ५० मिमीची साधी रचना ४६ मिमी अंतरात आरामात बसते. चाळीसलाही फार ओढाताण होत नाही, म्हणून एसएलआरच्या पॅनकेक लेन्स बहुतेक ४० ते ४५ मिमीच्या पट्ट्यातच सापडतात. २८ मिमीला मात्र प्रतिमा लेन्सच्या बरीच मागे ढकलावी लागते. त्यासाठी पुढे ऋण भिंगांचा गट लावण्याची युक्ती करावी लागली. फ्रान्सच्या आंजेन्यूने १९५० मध्ये अशी ३५ मिमी लेन्स ‘रेट्रोफोकस’ नावाने विकायला काढली आणि पुढे ते नावच या रचनेला चिकटलं. तुमची २८ एफ/३.५ त्याच घराण्यातली. ती छोटी राहिली याचं एक कारण एफ/३.५ वर मानलेलं समाधान. म्हणजे आरशासाठी केलेली सगळी तडजोड तुम्ही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर वाहून नेणार, वर नळीही. ही लेन्स कपाटातच बरी.

आता रेंजफाइंडर. इथे आरसा कधी नव्हताच. लायका एमचं अंतर २७.८ मिमी, त्यामुळे सोनीवर अडॅप्टर ९.८ मिमीचा, जाडसर अंगठीएवढा. जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्सना त्यावर आणखी १ मिमीचं कडं लागतं, बस्स. फोइग्टलेंडरची ३५ मिमी एफ/२.५ कलर-स्कोपार पी २ लेन्स २३ मिमी लांब, १३४ ग्रॅम. अडॅप्टरसकट ३३ मिमी. हे खरोखर छोटं आहे. पण शेजारी कोण उभं आहे बघा: सोनीची ३५ मिमी एफ/२.८ झाइस, २०१३ ची, साडेछत्तीस मिमी आणि १२० ग्रॅम. आणि साम्यांगची ३५ मिमी एफ/२.८, ३३ मिमी आणि ८६ ग्रॅम. म्हणजे अडॅप्टरवाल्यांचा सगळ्यात तगडा गडी उतरवला तरी लांबीत बरोबरी आणि वजनात हार.

शिवाय कोपऱ्यांचं दुखणं आहेच. सेन्सरवर काचेचा थर असतो. फिल्मवर असं काही नव्हतं, आणि रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ असायचं, त्यामुळे कोपऱ्यांकडे किरण फार तिरपे जातात. तिरपा किरण जाड काचेतून गेला की बिंदूचा बिंदू राहत नाही, तो फराटतो. लायकाच्या स्वतःच्या डिजिटल एम बॉड्यांमध्ये ही काच मिलिमीटरहून पातळ ठेवली आहे ती याचसाठी. सोनीत ती बरीच जाड आहे, निकॉन झेडमध्ये त्यामानाने पातळ, आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये साधारण ४ मिमी. कोपऱ्यांत जांभळट छटा येण्याचा जुना त्रास नव्या सेन्सरांनी बराच कमी केला, पण फराटणं काचेमुळे आहे, ते सेन्सर बदलून जात नाही. अ‍ॅपर्चर एफ/८ वर नेलं की थोडं आवरतं, संपत नाही.

माझा ठोकताळा असा: ५० मिमी निर्धास्त घ्या, ४० मिमी बहुधा चालते, ३५ मिमी पाहून घ्या, २८ आणि त्याखालच्या फिल्मच्या काळातल्या रेंजफाइंडर लेन्स सोनीवर लावूच नका. म्हणजे गंमत बघा, अडॅप्टर लहान ठेवणारी ही एकच वाट, आणि ती वाइड लेन्सकडे जाईपर्यंत बुजते.

या वाटेवरची माझी आवडती म्हणजे जुपिटर-८, ५० मिमी एफ/२. झाइसच्या सोनारची सोव्हिएत आवृत्ती, वजनाला हलकी, अ‍ॅपर्चरला नऊ पाती. सोव्हिएत लेन्स लायकाच्या रेंजफाइंडरशी नीट जुळत नाहीत, अशी तक्रार तुम्ही ऐकाल. खरी आहे, पण आपल्याला तिचं सोयरसुतक नाही. मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यावर, आपण थेट सेन्सरवरची प्रतिमा पाहून फोकस करतो. दोन धोके मात्र लक्षात ठेवा. इंडस्टार-५० किंवा जुन्या एल्मारसारख्या आत ढकलून मिटणाऱ्या लेन्स मिररलेसवर कधीही मिटवू नका. आत शिरलेली नळी शटरला भिडू शकते. आणि जुपिटर-१२ या ३५ मिमी लेन्सचं मागचं भिंग एवढं बाहेर आलेलं असतं की काही बॉड्यांत ते आतल्या चौकटीला टेकतं. आपल्या बॉडीवर ती बसते याची खात्री झाल्याशिवाय पिळून बसवू नये.

अडॅप्टरकडे लोक ‘एक कडं तर आहे’ म्हणून पाहतात. तिथेच फसगत होते. बहुतेक स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड केलेले असतात. लांब झाला तर अनंतावर फोकसच होणार नाही आणि गिऱ्हाईक परत करेल. आखूड असला तर लेन्स अनंताच्या थोडी पलीकडे जाते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते अंतराच्या आकड्यांवर विसंबणाऱ्याच्या.

हिशेबच करू. २८ मिमी लेन्स, एफ/८, फुल-फ्रेम. हायपरफोकल अंतर ३.३ मीटर येतं. म्हणजे कड्यावर ३.३ मीटर लावलं की साधारण १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट. गर्दीत फोटो काढणाऱ्यांची ही आवडती रीत, डोळ्याला कॅमेरा लावायचीही गरज नाही. आता अडॅप्टर ०.१ मिमी आखूड आहे असं धरा, केसाच्या जाडीएवढा. ३.३ मीटरसाठी लेन्स ०.२४ मिमी पुढे यायला हवी. ती प्रत्यक्षात ०.१४ मिमीच पुढे आहे. म्हणजे फोकस पडला ५.६ मीटरवर, आणि स्पष्टतेची अलीकडची हद्द दोन मीटरच्या पुढे सरकली. पावणेदोन मीटरवर उभा असलेला माणूस, ज्याच्यासाठी फोटो काढला, तो मऊ. याच अडॅप्टरवर खरं अनंत कड्यावरच्या आठ मीटरच्या खुणेपाशी येतं. ५० मिमी लेन्सला हीच चूक कड्यावर २५ मीटरच्या खुणेपाशी दिसते, म्हणून पन्नासवाल्याला ती कधी कळतच नाही. अंतरपट्टी वापरायची असेल तर आधी दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर मोठं करून फोकस करा आणि कडं कुठे थांबतं ते पाहा. आखूड निघाला तर अडॅप्टरच्या दोन भागांमध्ये पातळ पत्र्याची चकती घालून दुरुस्त करता येतो, स्क्रू खोलायची तयारी असेल तर.

दुसरी गोष्ट आतल्या भिंतीची. एका अडॅप्टरवर माझे सगळे फोटो धुरकट यायचे, विशेषतः आकाश चौकटीच्या वरच्या कडेबाहेर असताना. लेन्सला दोष देत राहिलो, भिंगं पुसली, हूड बदलला. शेवटी लेन्स काढली, अडॅप्टर खिडकीकडे धरून तिरप्या नजरेने आत पाहिलं, तर नळीची आतली बाजू चहाच्या किटलीसारखी चमकत होती. एसएलआरची लेन्स सेन्सरपेक्षा मोठं वर्तुळ पाडते. चौकटीबाहेर पडणारा प्रकाश त्या चमकदार भिंतीवर आपटून सेन्सरवर पसरत होता. काळ्या मखमली चिकटकागदाची पट्टी आत लावली आणि कॉन्ट्रास्ट परत आला. अडॅप्टर निवडताना मी आता आधी आतून पाहतो, मग खेळ किती आहे ते: लेन्स बसवून हलकेच पिळायची, कट्‌कट् जाणवली तर नको.

कोपऱ्यांपैकी एकच मऊ येत असेल तर दोष लेन्सचा की अडॅप्टरचा? त्याच अडॅप्टरवर दुसरी, तिसरी लेन्स लावून दूरच्या सपाट भिंतीचा फोटो काढा. तोच कोपरा पुन्हा मऊ आला तर अडॅप्टर तिरका आहे. कोपरा बदलला तर लेन्स.

माझा सगळ्यात महागात पडलेला धडा मात्र यापैकी कशाचाही नाही, मेन्यूतल्या एका आकड्याचा आहे. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन सेन्सर किती हलवायचा हे लेन्सच्या फोकल लांबीवरून ठरवतं. नेटिव्ह लेन्स ती स्वतः सांगते, जुनी मुकी असते, म्हणून आकडा हाताने भरावा लागतो. दुपारी १३५ मिमी वापरली होती, संध्याकाळी नातलगांच्या घरगुती समारंभात ५० लावली आणि आकडा तसाच राहिला. कॅमेरा १३५ च्या हिशेबाने सेन्सर हलवत होता, म्हणजे हाताचा कंप कमी करण्याऐवजी स्वतःचा कंप वर घालत होता. १/३० सेकंदावरचे ऐंशीएक फोटो, सगळ्यांत एकाच दिशेने दुहेरी कडा. फोकस चुकला असं वाटून मी दोन दिवस चष्म्याचा नंबर तपासावा का या विचारात होतो. ही सोय कॅमेऱ्याच्या एखाद्या बटणावर टाकून ठेवा आणि लेन्स बदलली की आकडा बदलायचा, हा हाताला नेम लावून घ्या. याच मुकेपणामुळे फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर आणि लेन्सचं नावही येत नाही, पण ते दुखणं किरकोळ.

हाताने फोकस करणं अवघड आहे का? स्थिर वस्तूवर नाही. नवे व्ह्यूफाइंडर इतके चांगले आहेत की फिल्मच्या काळात एफ/१.८ वर जमायचं नाही ते आज सहज जमतं. फक्त पीकिंगच्या, म्हणजे कॅमेरा स्पष्ट कडांवर दाखवतो त्या, रंगीत रेघांवर भिस्त ठेवू नका. ती रेघ ‘इथे कॉन्ट्रास्ट आहे’ एवढंच सांगते, ‘इथे फोकस आहे’ असं नाही, आणि उघड्या अ‍ॅपर्चरला अख्खं नाक, गाल, डोळे एकदम रंगवून मोकळी होते. अंदाज पीकिंगने घ्या, नेम मोठं करून धरा. फोटो ज्या अ‍ॅपर्चरवर काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करा, कारण काही जुन्या लेन्सचा फोकस अ‍ॅपर्चर मिटवताना सरकतो. धावतं मूल, चालती माणसं, आपल्याकडे झुकत बोलणारा माणूस, इथे मात्र नेटिव्ह लेन्स आणि डोळा ओळखणारा ऑटोफोकस यांना पर्याय नाही. हा मुद्दा मी वादाचा मानत नाही.

आणखी एक फरक लोक विसरतात, जवळ जाण्याचा. रेंजफाइंडरच्या लेन्स बहुधा ७० सेंटिमीटर किंवा एक मीटरवर अडतात. समोर बसलेल्या माणसाच्या हातातला कपसुद्धा मनासारखा जवळून घेता येत नाही. तुमची ओएम ५० पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. सोनीची ४० जी अठ्ठावीसपर्यंत, निकॉनची झेड ४० एफ/२ एकोणतीसपर्यंत. आत फिरतं मळसूत्र असलेले, लांबवता येणारे एम अडॅप्टर मिळतात, ते घेतले की ही कुचंबणा संपते. रेंजफाइंडर लेन्स घेणार असाल तर साधा अडॅप्टर घेऊच नका, असाच घ्या.

नेटिव्ह लेन्सची आरती ओवाळतोय असं वाटत असेल, तर त्यांचीही उणी बाजू सांगतो. छोटेपण फुकट येत नाही. नव्या छोट्या लेन्समध्ये सरळ रेषांचं वाकणं आणि कोपऱ्यांतला काळोख भिंगांनी पूर्ण दुरुस्त करत नाहीत, तो भार सॉफ्टवेअरवर टाकतात. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ याचं टोकाचं उदाहरण: दुरुस्ती बंद करून कच्ची फाइल पाहिली तर पिंपासारखी फुगलेली चौकट दिसते. दुरुस्ती करताना कोपरे ताणले जातात आणि उजळले जातात, म्हणून तिथे तपशील कमी आणि दाणे जास्त. छापील फोटोत बहुधा कळत नाही, पण ‘नवी लेन्स म्हणजे कडेपर्यंत निर्दोष’ हा समज सोडा.

दुसरं म्हणजे हाताला येणारा अनुभव. छोट्या नेटिव्ह लेन्सचं फोकस कडं भिंगांना थेट जोडलेलं नसतं, विजेच्या संकेताने चालतं, त्यावर अंतराचे आकडे नसतात. मघाचा हायपरफोकलचा खेळ तिथे नीट जमतच नाही. निकॉनच्या झेड ४० एफ/२ आणि २८ एफ/२.८ ची माउंट प्लॅस्टिकची आहे. मला त्याने फरक पडलेला नाही; १७० ग्रॅमची लेन्स माउंट तोडेल अशी भीती कशाला? कॅननच्या आरएफ ५० एफ/१.८ किंवा निकॉनच्या २६ एफ/२.८ सारख्या लेन्समध्ये फोकस करताना पुढचा भाग आतबाहेर होतो. पिशवीत टाकण्याआधी तो आत गेलाय ना पाहा, पुढून दाब पडला तर तो थेट यंत्रणेवर पडतो.

चित्राच्या पोताबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यावर लिहिणाऱ्यांची कमी नाही. एफ/५.६ ते ८ दरम्यान चौकटीच्या मधल्या भागात तुमची ओएम ५० आणि आजची कुठलीही ५० यांतला फरक मला छापील फोटोत ओळखता येत नाही. फरक दोन ठिकाणी राहतो. उघड्या अ‍ॅपर्चरला जुनी लेन्स कडांवर मऊ, मागच्या ठिपक्यांना उजळ किनार देणारी. आणि प्रकाशाकडे तोंड करून फोटो काढताना जुन्या थरांमुळे सावल्यांवर हलका पडदा येतो. कडक उन्हात हा पडदा मला हवासा वाटतो, सावल्या काळ्याठिक्कर होत नाहीत. हे सोसायचं म्हणून नाही, हवं म्हणून वापरायचं असेल, तेव्हाच जुन्या लेन्सची वाट धरावी.

काकांच्या लेन्स वापरण्याआधी एकदा तपासा. अंधाऱ्या खोलीत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून बारीक टॉर्च मारा, पुढून तिरपं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. एकसारखं दुधाळ धुकं दिसलं तर आतल्या तेलाची वाफ बसलेली असते, ते बहुधा साफ होतं. कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर भिंगांचा जोड सुटतोय, त्याच्या नादी लागू नका. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्याने फोटोला काही होत नाही. मागच्या काचेवरचा तेवढाच ओरखडा त्रास देतो. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट चमकत असतील तर एसएलआरवर ती आळशी व्हायची आणि एक्स्पोजर चुकायचं. अडॅप्टरवर आपण कड्यानेच पाती मिटवतो, त्यामुळे बरीच आळशी लेन्स इथे बिनतक्रार चालते.

लहान सेन्सरवाल्यांसाठी दोन ओळी. फुजी किंवा मायक्रो फोर थर्ड्सवर जुनी लेन्स लावून रोजची नजर मिळत नाही. २८ मिमी तिथे अनुक्रमे ४२ आणि ५६ सारखी दिसते आणि लांबी मात्र नळीसकट. पॅनासॉनिकची १४ मिमी एफ/२.५ अवघी ५५ ग्रॅमची आहे, तिच्याशी अडॅप्टरने स्पर्धाच करू नये. ५० मिमी व्यक्तिचित्रांना छान वाटते, तेवढ्यापुरती ठेवावी.

मधली एक वाटही आहे: नेटिव्ह माउंटच्याच, पण हाताने फोकस करायच्या लेन्स. फोइग्टलेंडरच्या ई माउंट लेन्समध्ये बॉडीशी बोलणारे संपर्क असतात, त्यामुळे कड्याला हात लावला की चित्र आपोआप मोठं होतं, फोकल लांबी भरावी लागत नाही, आणि त्या सेन्सरवरची काच धरूनच आखलेल्या असल्याने कोपरे फराटत नाहीत. आकड्यांचं खरं कडंही मिळतं. हलक्या मात्र नाहीत. ३५ मिमी एफ/१.४ क्लासिक २६२ ग्रॅमची आहे. एम लेन्सला मागेपुढे हलवून ऑटोफोकस देणारे मोटरवाले अडॅप्टरही आहेत. गंमत म्हणून छान, पण छोटेपणासाठी सुरू केलेल्या गोष्टीत मोटर बसवायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तेव्हा तुमच्या पिशवीत मी काय ठेवेन? ए७सी बॅटरीसकट ५०९ ग्रॅमचा. त्यावर कायम राहणारी लेन्स म्हणून ४० एफ/२.५ जी किंवा ३५ एफ/२.८ झाइस. दोघींत मी ४० घेईन: अ‍ॅपर्चरचं खरं कडं आहे आणि जवळ जास्त जाता येतं. खिशात मावणं हाच हट्ट असेल तर ३५, नऊ मिलिमीटर आणि पन्नासएक ग्रॅम वाचतात. ओएमसाठी एक बरा अडॅप्टर घ्या, आतून काळा आणि पिळल्यावर न हलणारा, आणि तो ५० वरच कायमचा चढवून ठेवा, जणू ती ६० मिमी लांबीचीच लेन्स आहे. रविवारी तीच एक घेऊन बाहेर पडा. रेंजफाइंडर लेन्सचा विचार त्यानंतर. हाताने फोकस करण्यात रस टिकतो की नाही हे तोवर कळलेलं असेल.

आणि काकांच्या डब्यात जुने फिल्टर असतील तर टाकू नका. ओएमच्या या दोन्ही लेन्सचा फिल्टर ४९ मिमीचा आहे, सोनीच्या ४० जीचाही ४९ मिमीचाच; ३५ एफ/२.८ चा मात्र ४०.५ मिमीचा.